धूरपारखी नाना

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर गॅरेजं पुष्कळ आहेत आणि जवळपास प्रत्येक गॅरेजबाहेर एक नाना आहे. कुठं त्याला तात्या म्हणतात, कुठं अप्पा, माणूस तोच. गॅरेज त्याचं नसतं. गाडी म्हणाल तर एक जुनी लुना, तीही मुलानं विकायला काढलेली. पण बाकड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या पिकअपच्या धुराचं निदान करण्याचं खातं त्याच्याकडं असतं. ते त्याला कुणी दिलं, हे विचारायची पद्धत नाही.

रंग नानांना तोंडपाठ. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदलाय नाहीतर नोझल गेलंय. पांढरा धूर म्हणजे पाणी. हेड गॅस्केट बघा. (थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर चांगलं इंजिनही सोडतं, पण एवढं बारीक नाना धरत नाहीत.) आणि निळा म्हणजे ऑइल जळतंय. इथवर नानांचं बरोबर असतं. पण ऑइल आत शिरलं कुठून, याबद्दल धूर गप्प असतो. नाना नसतात.

"रिंगा गेल्या. इंजिन उतरवा."

हा निकाल देण्याआधी तपासणी मात्र रीतसर होते. कालच्या पेपरचं अर्धं पान सायलेन्सरपुढं धरायचं, इंजिन रेस करायला लावायचं, पानावर उडालेले तेलाचे ठिपके बोटानं चोळायचे, हुंगायचे आणि डोळे मिटून मान हलवायची. मग ड्रायव्हरला प्रश्न: "कुणाचा रं तू? वडगावचा? मग तुझा चुलता सोसायटीत होता का?" पोराची तीन पिढ्यांची माहिती निघते. धूर नेमका कधी येतो, एवढंच विचारायचं राहतं.

ते मिस्त्री विचारतो. तो गाडीखाली आडवा असतो आणि तिथूनच त्याचा आवाज येतो, "कधी मारते धूर?" सगळी मेख त्यात आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट करताना भस्कन निळा धूर सोडते आणि मग सुधारते, तर वॉल्व्ह सील बघायचे. रात्रीतून ऑइल त्यांच्यातून खाली झिरपतं. माल भरून चढाला जोर लावला की धूर सुरू आणि थांबायचं नाव नाही, तर रिंगांवर किंवा टर्बोवर संशय घ्यायचा. टर्बोची नळी काढून आत बोट फिरवायचं. थोडा ओशटपणा सगळ्यांतच असतो, पण बोट निथळत बाहेर आलं तर टर्बो ऑइल सोडतोय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करायचं. ते जागेवर थडथडायला लागलं आणि आतून वाफारा आला, तर बॅक कॉम्प्रेशन. मग नानांचा शब्द खरा. आणि कधी कधी नुसती ब्रीदरची नळी तुंबलेली असते, ती साफ केली की काम झालं. पण नळी साफ करण्यात नानांना रस नाही. इंजिन उतरल्याशिवाय निदान केल्यासारखं त्यांना वाटतच नाही.

मागच्या हंगामात टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली एक पिकअप गॅरेजपुढं थांबली. मागं असा निळा पडदा, की मागच्या मोटरसायकलवाल्यानं शिव्या देऊन रस्ता बदलला. नाना उठले, पेपर धरला, मान हलवली. इंजिन उतरायचं ठरलं. पोरगा रडकुंडीला आला. माल बाजारात पोचवायचा होता. मिस्त्रीनं ऑइलची दांडी ओढली, पुसली, पुन्हा घातली, ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

"एवढं कुणी टाकलं रे?"

पोरगा नानांकडं बघायला लागला. आठवड्यापूर्वी याच बाकड्यावरून "गाडी ऑइल खाती, टाक दीड लिटर" असा सल्ला गेला होता. दांडी बघितली होती ती इंजिन बंद केल्या केल्या, रस्त्याच्या उतारावर. ऑइल अजून खाली चेंबरमध्ये उतरलंच नव्हतं, त्यामुळं कमी दिसलं. वरून ओतलेलं दीड लिटर क्रँकनं घुसळून ब्रीदरमधून हवेच्या वाटेला लावलं, तिथून ते इंजिनात जाऊन जळत होतं. मिस्त्रीनं जादाचं ऑइल डब्यात काढलं, नळी पुसली, गाडी थोडा वेळ रेस केली. पडदा विरला.

नाना जराही हलले नाहीत. "मी काय म्हणलो होतो? ऑइलचाच प्रॉब्लेम."

आणि लगेच त्यांनी आपला ठेवणीतला किस्सा काढला. असंच ऑइल वाढलेल्या एका डिझेल गाडीची चावी काढली, तरी इंजिन बोंबलतच राहिलं. शेवटी हवेच्या तोंडावर फळी दाबून धरली तेव्हा बंद पडलं. हा किस्सा त्यांच्या सगळ्या किश्श्यांत बनावट वाटतो, पण असं खरंच होतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आपलंच ऑइल ओढून ते भरधाव पळू शकतं.

हल्ली नाना उदास असतात. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ च्या. त्यातल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरला काजळी अडवणारा फिल्टर असतो. नानांचं म्हणणं, "धूरच दिसंना, आता नाडी कुठं बघायची?" पीयूसीवाल्यावरही त्यांचा राग आहे. त्याचं यंत्र डिझेलच्या धुराचा दाटपणा मोजतं, रंग बघत नाही. रंग बघायला माणूस लागतो, असं नाना म्हणतात आणि हे मात्र मला पटतं.

तुमच्या गाडीनं निळा धूर धरला असेल, तर आधी ती सपाटीला उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि दांडी पुसून दोनदा बघा. तेवढ्यात नाना येतीलच. त्यांना चहा बिनसाखरेचा सांगा. त्यांच्या शुगरचं निदान डॉक्टरांनी केलंय, तेव्हा ते खरं असणार.