टपावर तंबू घेऊन फिरणाऱ्या प्राणिमित्रास

साहेब,

श्रीनगर ते कन्याकुमारी अशा ४४ क्रमांकाच्या महामार्गावरचा आपला प्रवास सुखाचा चालला असेल. वडनेरजवळच्या ज्या वावरात शिरून आपण मुक्या जनावरांचा जीव वाचवलात, त्या वावराचा मी मालक. आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. आदल्या संध्याकाळी आपल्या ड्रोनला बुजून मेंढ्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घुसल्या. त्याची समजूत मी काढली. वेफर्सची पाकिटं धुऱ्यावरून उचलली. उंटाला चॉकलेट कोणी चारलं, ते विचारत नाही.

पण पोलिसांना लावलेला तो फोन?

पऱ्हाटी उपटून झाली की माझ्या वावरात कच्छी रबारी मेंढपाळांचा डेरा बसतो. मीच बोलावतो. मेंढ्या रात्रभर बसल्या की लेंडीखत आपसूक मिळतं. 'या लोकांना इथे राहायची परवानगी कोणी दिली?' या आपल्या प्रश्नाचं उत्तर समोर धुऱ्यावर उभं होतं. त्याला न विचारता आपण थेट पोलिसांना विचारलंत. आपण स्वतः ढाब्याच्या आवारात रात्रभर तंबू ठोकला होतात, तेव्हा हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नव्हता, हे जाता जाता नोंदवतो.

आपण आलात तेव्हा डेरा उठत होता. पुरुष मेंढ्या घेऊन पहाटेच निघालेले. घर लादणं आणि उतरवणं हे रबाऱ्यांत बायांचं काम. उंट खाली बसवायचा, मध्येच उठू नये म्हणून पुढचा गुडघा दोरीने बांधायचा. दोन्ही अंगांना सारख्या वजनाची पोती, वर गोधड्या, त्यावर उलटी खाट. खाटेच्या वर आलेल्या चार पायांमध्ये हंडे-कळशा, रात्री जन्मलेलं कोकरू आणि शेवटी घरातलं पोर. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे सगळा संसार मानेकडे घसरतो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, की पुन्हा तोच हिसका. हे सगळं सोसेल असा दोर दोघींनी दोन बाजूंनी एकदम ओढायचा असतो.

नेमक्या त्या क्षणी आपल्याला गुडघ्याची दोरी दिसली. 'पाय बांधून छळ चाललाय,' असं म्हणत आपण १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढलात. वर, उंट हैदराबादला कत्तलीला चाललेत, असंही फोनवर ठोकून दिलंत. पुरावा काय, तर हा रस्ता हैदराबादकडे जातो. साहेब, त्याच रस्त्याने आपणही निघाला होतात.

शिपाई आले, आधारकार्डं पाहिली, मला ओळखलं, चहा घेतला, गेले. तोवर ऊन चढलं होतं आणि अर्धवट लादलेला उंट ओझ्याखाली तसाच बसून होता. त्या सकाळी त्या जनावराचा खरा छळ झाला तो एवढाच. बायांनी बांधलेलं सगळं सोडलं आणि पहिल्यापासून पुन्हा बांधलं. तेव्हा आपली गाडी दिसेनाशी झाली होती.

असे फोन किती महागात पडतात, ते विदर्भातल्या रबाऱ्यांना विचारा. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पोलिसांनी ५८ उंट अडवले. तक्रार हैदराबादच्या एका प्राणिमित्राची, संशय कत्तलीचा. सोबतचे पशुपालक अटकेत, उंट अमरावतीच्या गोरक्षणात. हे उंट कच्छहून पायी आणले आहेत, इकडच्या डेऱ्यांना सामान वाहायला हवेत, असं रबारी सांगत राहिले. झाडाझाडाचा पाला ओरबाडत हिंडणारं ते जनावर आवारात कोंडून पडलं. फेब्रुवारीत कोर्टाने उंट मालकांना परत दिले. प्रेम किती, आणि निस्तरायचं कोणी!

देशात २०१२ मध्ये सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाख उरले. जे उरले ते पाळणाऱ्यांच्या जिवावर. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालक यांच्या नावे केलंय. आमच्या वावरात ते साजरं कसं होतं, ते आपण दाखवलंत.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. संध्याकाळी घर उलगडायचं, सकाळी गुंडाळून पाठीवर टाकायचं, हे आपणही करता आणि डेऱ्यातल्या बायाही करतात. अमेरिकेत लोक ट्रकच्या पाठीवर घडीचं घर लादून हिंडतात. मुक्कामी चार कोपऱ्यांना जॅक लावून ते उचलतात आणि ट्रक खालून काढून घेतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे घर चाकांवर असलं की धोरण आणि उंटावर असलं की चौकशी! त्याच सकाळी ढाब्यावर आपला तंबू मिटता मिटत नव्हता. वहिनी शिडीवर, आपण टपावर, पट्टा कोणाच्याच हाती नाही. तेव्हा याच डेऱ्यातल्या म्हातारीने येऊन गुडघ्याने कापड दाबलं आणि पट्टा आवळून दिला. तासाभराने आपण तिच्याच उंटाविरुद्ध फोन लावलात.

तरी एक कबूल करतो. या रस्त्यावर कोकरू चिरडून मागे वळून न पाहणारे रोज जातात. आपण गाडी थांबवलीत, जनावरासाठी खाली उतरलात. काळीज जागं असल्याशिवाय हे होत नाही, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं. तेवढ्या जाग्या काळजालाही उंट दिसला, दोर धरून उभी असलेली बाई दिसली नाही.

पुन्हा कधी इकडून गेलात आणि फोन करायची हुक्की आलीच, तर एक विषय सुचवतो. रस्ता चौपदरी करताना दुतर्फाचे कडुनिंब आणि बाभळी गेल्या. उंटाचं खाणं तेच होतं. त्याची तक्रार करा. समोरून कोणी फोन उचलला, तर मलाही कळवा.

आपला,
वडनेरचा एक कास्तकार