सैतानावरचे खोटे गुन्हे

नाशिकच्या कुठल्याही प्रार्थनासभेत साक्ष देण्याची वेळ झाली की सैतानावर नवे गुन्हे दाखल व्हायला लागतात. स्कूटर पंक्चर झाली, सैतान. ऐन नाताळच्या आठवड्यात मिक्सर जळला, सैतान. मुलाला दहावीला गणितात कमी पडले, त्यातही त्याचाच हात. मुलगा वर्षभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, ही बाब तपासात पुढे येत नाही. एका मावशींनी मागे सांगितलं, ‘सभेला निघताना कुकरची शिटीच होईना, तेव्हाच मी ओळखलं.’ काय ओळखलं ते कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी ‘हालेलूया’ म्हटलं. गॅस्केट गेलं होतं, असं त्यांच्या सुनेने चहाचे कप गोळा करताना सांगितलं.

मग त्याला बांधायचा कार्यक्रम होतो. येशूच्या नावाने, हात उंचावून, आवाज चढवून त्याला बांधलं जातं, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू खिडकी लावून घेतात. दर शुक्रवारी बांधलेला हा गडी पुढच्या शुक्रवारी मोकळा कसा सापडतो, याची चौकशी मात्र आजवर झालेली नाही. माझा आपला संशय असा, की बांधणारेच घरी जाता जाता गाठ सैल करून ठेवतात. अडीअडचणीला कुणीतरी लागतंच.

सैतान नाहीच, असं माझं म्हणणं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी आपल्यातर्फे त्याला आणि त्याच्या सगळ्या कामांना नाकारलेलं असतं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही वाइटापासून सुटका रोज मागायची असते. शत्रू आहे, लढाई आहे. तक्रार एवढीच, की आपण त्याच्यावर भलतेच गुन्हे लावतो आणि खऱ्या गुन्ह्यांत त्याला जामीन राहतो.

रविवारची सकाळच घ्या. या शहरात रविवार सकाळ म्हणजे मिसळ. चर्चची घंटा होते त्याच सुमाराला गंगापूर रोडकडे गाड्यांची रांग लागते. पाळकसाहेबांचा संदेश तिसऱ्या मुद्द्यावर येतो, तोवर मागच्या दोन बाकांवर काळ्या मसाल्याची तर्री उकळायला लागलेली असते. यात नवीन काही नाही. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रिअस नावाच्या तपस्व्याने मनात येणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली, त्यात पहिला मान खादाडपणाला दिला. ‘भरदुपारचा सैतान’ही त्याने नोंदवून ठेवला आहे. हा सैतान साधूला काहीच करत नाही. फक्त खिडकीशी नेतो आणि जेवणाची वेळ व्हायला सूर्य अजून किती कलायचा आहे, ते बघायला लावतो. आमच्याकडे खिडकीची गरज राहिली नाही, मोबाइलवर वेळ दिसते. पाव संपायच्या आत पोचता येईल का, याचा हिशेब भजनपुस्तकाच्या आडून होतो.

पण मिसळ हा किरकोळ गुन्हा. मोठी गडबड पुढेच आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने देवाची शस्त्रसामग्री सांगितली आहे: कमरबंद, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तलवार. संडे स्कूलच्या कार्यक्रमात ती पुठ्ठ्याची करून चांदीचा कागद लावतात, आणि एखादा सहा वर्षांचा शिपाई शिरस्त्राण नाकावर घसरल्यामुळे भलत्याच बाजूला वार करतो. मोठ्यांचंही साधारण तेच होतं. आपलं झगडणं माणसांशी नाही, हे पौलाने त्याच ठिकाणी बजावलं आहे. आणि मंडळीतल्या निम्म्या लोकांनी आपलं झगडणं तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या अमुक एका माणसाशीच आहे, असं कधीच ठरवून टाकलं आहे. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी, पण फाटकाशी ‘जय ख्रिस्त’ टाळण्यासाठी चपला शोधत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. भांडणाचं मूळ विचारावं तर सापडतं साउंड सिस्टीममध्ये. कुणाच्या मेहुण्याकडून घ्यायची, एवढाच प्रश्न होता.

वाईट नेमकं कुठून आत येतं, याबद्दल नाशिकला एक चांगलं पुस्तक मिळालं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर इथलंच, जलालपूरचं. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन केलं आहे. 1857 च्या बंडानंतर वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धसक्याने या गृहस्थांना विटाळाचं वेड लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. मीठसुद्धा त्यातून सुटलं नाही. मीठ धुतल्यावर काय उरतं, हे घरच्या बायकांना विचारावं. लक्ष्मीबाईंनी हे सगळं हसत हसत लिहिलं. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे सोवळ्याची गाठ लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या हाताने, स्वतःशी भांडून सोडवली आणि मगच त्या ख्रिस्ती झाल्या. मला ही खरी आध्यात्मिक लढाई वाटते. तिच्यात कुणी ओरडलं नाही, कुणाला बांधलं नाही.

आम्ही त्यांचे वारस म्हणवतो, आणि मीठ धुणं काही सोडत नाही. फक्त आता सिनेमा धुतो, शेजाऱ्याच्या घरून आलेला प्रसाद धुतो, मुलांची गाणी धुतो. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर पाणी मारून झालं की आत काय चाललंय, हे बघायला वेळ उरत नाही.

आतल्या बाजूचा जाणकार म्हणजे संत इग्नेशियस लोयोला. मुळात हा शिपाईगडी. 1521 मध्ये पांप्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने पाय जायबंदी झाला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आयुष्य बदललं. ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तकात सैतानाला त्याने एका सेनापतीची उपमा दिली आहे. हा सेनापती किल्ल्याभोवती तळ देतो, तटाची सगळीकडून पाहणी करतो आणि जिथे बुरूज कच्चा दिसेल, तिथेच चढाई करतो.

इग्नेशियसने रामशेज पाहिला असता तर आणखी एक मुद्दा घातला असता. आशेवाडीजवळचा हा बसका किल्ला नाशिकहून अर्ध्या तासावर आहे. 1682 च्या सुमाराला औरंगजेबाच्या सरदारांनी त्याला वेढा घातला आणि वर्षामागून वर्षं गेली तरी मूठभर मराठे हटेनात. वर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकडाचे ओंडके पोखरून, कातडं वापरून तोफा केल्या आणि त्याच डागल्या. एक सरदार हरला, दुसरा आला. मराठ्यांना भुतं वश आहेत, अशी मोगलांच्या तळावर बोलवा झाली, तेव्हा एक मांत्रिक आणवला गेला. त्याने सोन्याचा नाग मागितला. तो हातात धरून फौजेच्या पुढे ऐटीत निघाला, आणि वरून आलेल्या गोफणीच्या दगडाने नाग एकीकडे, मांत्रिक एकीकडे झाला.

तोफांना दाद दिली नाही, मंत्राला दिली नाही. तरी पाचेक वर्षांनी किल्ला पडला. किल्लेदार बदलला होता आणि नव्या किल्लेदाराने पैसे घेतले, असं सांगतात. दरवाजा आतून उघडला गेला.

प्रार्थनासभेत हातात सोन्याचा नाग घेतल्यासारखं बोलणारा कुणी उभा राहिला, की मला हटकून रामशेज आठवतो. आपल्याकडचा किल्लेदार काही हजार रुपयांवरही जात नाही. कमिटीतली एक खुर्ची, नाताळच्या कार्यक्रमात मुलीला एकलगान, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद, एवढ्यावर तो चावी काढून देतो. सकाळी सहाला तोच ग्रुपवर वचन पाठवतो आणि सव्वासहाला पाळकसाहेबांच्या नव्या गाडीचा फोटो, खाली नुसती दोन प्रश्नचिन्हं.

आणि ज्यांची खरोखरच्या राक्षसाशी गाठ पडली, त्यांनी काय केलं, हे बघायला लांब जावं लागत नाही. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं, आणि अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे वाढली. माणसांची विक्री हा सैतानाचा अस्सल धंदा, त्यात शंका नको. शरणपुरात त्यावरचा उपाय रोजच्या कामात होता: वाचायला शिकवायचं, सुतारकी शिकवायची, लोहारकाम शिकवायचं. त्या मुलांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचायला तोच होता, आणि पुढल्या वर्षी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये शवपेटीसोबतही तो गेला. नाशिकच्या शाळेत गिरवलेली अक्षरं तिथवर पोचली. शिकवणाऱ्या मास्तरांच्या हातून किती पाट्या फुटल्या असतील आणि त्यांनी किती रागावून घेतलं असेल, कोण जाणे. सैतानाच्या नावावर त्यांनी काय काय घातलं, हे काही ऐकिवात नाही.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. वसई-मुंबईकडून बसगाड्या येतात, मेणबत्त्यांचे ढीग लागतात आणि दर्शनाच्या रांगेत कोपराचा वापर सढळ होतो. त्याच सुमाराला राखेचा बुधवार येतो आणि उपवासकाळात काय सोडायचं, याच्या चर्चा घरोघर सुरू होतात. मटण सोडायचं असेल तर खुशाल सोडा, सीरियल सोडा. पण यंदा एक करा. साउंड सिस्टीमवरून ज्यांच्याशी बोलणं तुटलं आहे, त्यांच्या घरी एखाद्या संध्याकाळी जा, चहा मागून घ्या, आणि स्पीकर कुणाच्या मेहुण्याकडून आले हे विचारू नका.