यादी लावली, कर्तव्य संपले

२०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, बट्स काउंटीत, काही घरांच्या अंगणांत फलक उभे राहिले. हॅलोविनच्या रात्री तिकडची पोरे भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागत फिरतात. या पत्त्यावर मागायला येऊ नका, असे फलकावर बजावले होते आणि खाली सौजन्य म्हणून शेरीफसाहेबांचे नाव. शेरीफ तिकडे निवडणूक लढवून पदावर येतो, एवढे सांगितले की महाराष्ट्रातल्या वाचकाला पुढचे समजावण्याची गरज नाही. चौकातल्या शुभेच्छुकांच्या फ्लेक्सला आपण नावे ठेवतो. पण दुसऱ्याच्या अंगणात त्याच्याच बदनामीचा फ्लेक्स लावून खाली स्वतःचे नाव टाकावे, ही कल्पना आपल्या एकाही दादा-भाऊला अजून सुचलेली नाही.

ही घरे होती लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी यादीत नाव असलेल्यांची. त्यांच्यापैकी काही जण कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की, सरकारचा मजकूर नागरिकाच्या अंगणात सक्तीने लावता येत नाही. वास्तविक ३० राज्यांतल्या ६७ हजारांहून अधिक गुन्ह्यांची नऊ वर्षांची आकडेवारी संशोधकांनी २००९ मध्येच तपासली होती. हॅलोविनला मुलांवरचे असे गुन्हे वाढत असल्याचे त्यांना कुठेही आढळले नाही. त्या रात्री पोरांना खरा धोका असतो तो भरधाव मोटारींचा. पण मोटारवाल्याच्या अंगणात फलक लावून मते मिळत नाहीत.

या कायद्यांचा उगम मात्र थट्टेचा नाही. २९ जुलै १९९४ रोजी न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन टाउनशिपमध्ये सात वर्षांच्या मेगन कांका या मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार समोरच्याच घरात राहत होता आणि लहान मुलींवरच्या गुन्ह्यांत त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती. आम्हाला हे कोणी सांगितले का नाही, या तिच्या आईवडिलांच्या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. विधिमंडळाकडे कायदा होता. समित्यांची चाळण बाजूला ठेवून तो तीन महिन्यांत मंजूर झाला आणि १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने ‘मेगनचा कायदा’ देशभर गेला. मृत बालकाचे नाव असलेल्या विधेयकाविरुद्ध हात वर करील असा आमदार जगातल्या कुठल्याही विधिमंडळात सापडायचा नाही.

कॅलिफोर्नियात पोलिसांसाठी अशी नोंदवही १९४७ पासून होती. मेगनच्या कायद्याने अशा नोंदी देशभर सर्वांसाठी उघडल्या आणि यादी फुगतच गेली. आज देशभरात तिच्यात साडेसात लाखांहून अधिक नावे आहेत. त्यांत नराधम आहेत, आणि वर्गमैत्रिणीशी संमतीने संबंध ठेवलेली पोरेही आहेत. ह्यूमन राइट्स वॉचच्या २००७ च्या अहवालानुसार किमान १३ राज्यांत उघड्यावर लघवी केल्याबद्दलही नाव नोंदवले जाऊ शकत होते. हा निकष महाराष्ट्राने उचलला तर स्वतंत्र खाते काढावे लागेल, आणि त्या खात्याच्या इमारतीची मागची भिंत पहिल्याच दिवशी पुरावा म्हणून सील करावी लागेल.

यादी चाळणारा प्रत्येक जण काळजीत पडलेला पालकच असतो असेही नाही. २००६ च्या ईस्टरला एका तरुणाने मेन राज्याच्या संकेतस्थळावरून पत्ते काढले आणि दोघांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यातला एक २४ वर्षांचा होता. त्याचा गुन्हा असा की, एकोणिसाव्या वर्षी त्याने सोळाला थोडी कमी असलेल्या मैत्रिणीशी संबंध ठेवले होते.

२००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही यादी म्हणजे शिक्षा नव्हेच, ती केवळ प्रशासकीय व्यवस्था आहे, असा निर्वाळा दिला. मग लुइझियानात वाहनपरवान्यावर केशरी अक्षरांत ‘लैंगिक गुन्हेगार’ छापले जाऊ लागले, तेही प्रशासनच. २०१६ च्या कायद्यानुसार मुलांवरील गुन्ह्यांसाठी यादीत असलेल्यांच्या पासपोर्टवर शेरा येतो, तेही प्रशासन. त्या निर्वाळ्याआधी २००२ च्या एका निकालात याच न्यायालयाने असे गुन्हेगार उपचारांविना सुटले तर पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असते, असा दाखला दिला होता. पुढे कायद्याच्या एका प्राध्यापकाने त्या आकड्याचा माग काढला. तो पोचला १९८६ च्या एका लोकप्रिय मानसशास्त्रविषयक मासिकातल्या समुपदेशकाच्या लेखापाशी. तिथे आकडा होता, आधार नव्हता. सरकारच्याच न्याय विभागाने १९९४ मध्ये सुटलेल्या ९,६९१ जणांचा तीन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झालेले निघाले ५.३ टक्के. कित्येक गुन्हे पोलिसांपर्यंत जातच नाहीत, तेव्हा खरा आकडा याहून मोठा असणार. पण पाच वाढवून ऐंशी करायला मासिकच लागते.

मायामीत या व्यवस्थेने कळस गाठला. शाळेपासून अडीच हजार फुटांच्या आत अशांनी राहायचे नाही, असा नियम २००५ मध्ये झाला आणि नकाशावर वर्तुळे काढल्यावर शहरात राहायला जागाच उरेना. उरला तो बिस्केन खाडीवरच्या ज्युलिया टटल पुलाखालचा काठ. तिथे तंबू पडले, हळूहळू वस्ती शंभराच्या आसपास गेली. परवान्यावर पत्ता म्हणून पूल लिहिला जाई आणि रात्री मंडळी पुलाखालीच आहेत ना, हे पाहायला अधिकारी येत. लॉस एंजेलिसची युक्ती आणखी नामी. तिथल्या हार्बर गेटवे भागात यादीतले लोक एकत्र राहतात म्हटल्यावर पालिकेने २०१३ मध्ये कोपऱ्यावर चिमुकली बाग बांधायला घेतली, कारण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बागेपासून दोन हजार फुटांत त्यांना राहता येत नव्हते. मुलांसाठी बाग हवी होती म्हणून ती केली, असे कोणी म्हणालेच तर तो योगायोग.

उपयोग किती झाला? न्यू जर्सीच्याच तुरुंग विभागाच्या अभ्यासाने २००८ मध्ये सांगितले की, बळींची संख्या कमी झाल्याचे दिसत नाही. खर्च मात्र वर्षाला सुमारे ३९ लाख डॉलरवर गेला. ठाम परिणाम सापडला तो अर्थशास्त्रज्ञांना, नॉर्थ कॅरोलायनात: यादीतला माणूस राहायला आला की लगतच्या घरांची किंमत सुमारे ४ टक्क्यांनी उतरते. मुले किती वाचली ते सिद्ध होईना, ब्रोकरांना मात्र कायदा चोख कळला.

कारण यादी चुकीच्या दाराकडे बोट दाखवते. न्यूयॉर्क राज्यातल्या वीस वर्षांच्या अटका तपासल्या तेव्हा लैंगिक गुन्ह्यांत पकडलेल्या दर शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक जणांना अशा गुन्ह्यात आधी शिक्षाच झालेली नव्हती. म्हणजे यादीत ते असणार कसे? पोलिसांपर्यंत आलेल्या प्रकरणांत ९३ टक्के मुले गुन्हेगाराला ओळखत होती, आणि सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत तो घरातलाच होता. काका, शिक्षक, सावत्र बाप यांचे नकाशावर लाल ठिपके नसतात.

राज्यांना नोंदवही ठेवायला लावणारा पहिला केंद्रीय कायदा १९९४ चा, जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाचा. १९८९ मध्ये मिनेसोटात त्याला पळवून नेले होते. गुन्हेगाराने कबुली दिली २०१६ मध्ये. अपहरणानंतर काही महिन्यांतच पोलिसांनी त्याच माणसाची चौकशी करून त्याला सोडून दिले होते. जेकबची आई पॅटी वेटरलिंग, जिने या कायद्यासाठी जिवाचे रान केले, तीच पुढे म्हणू लागली की याद्या भलत्याच फुगल्या आहेत.

भारतानेही सप्टेंबर २०१८ मध्ये अशी नोंदवही सुरू केली. आरंभीच तिच्यात ४.४ लाख नोंदी होत्या, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते. आपल्याकडे एखादे भीषण प्रकरण घडले की ती सर्वांसाठी खुली करा, अशी मागणी होते. मागणी करणाऱ्या पुढाऱ्याला वाचकांनी आधी एवढेच विचारावे: तुमच्या जिल्ह्यात पोक्सोचे किती खटले तुंबले आहेत, आणि किती शाळांनी नोकरीवर घेताना कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी केली आहे?