कोमोडोची भाऊबंदकी

कोमोडो हे इंडोनेशियातील सुंबावा आणि फ्लोरेस यांच्या मधले कोरडे, डोंगराळ बेट. जगातली सर्वांत मोठी घोरपड इथे आणि शेजारच्या मोजक्या बेटांवर आढळते. स्थानिक लोक तिला ‘ओरा’ म्हणतात. ती त्यांच्या अंगणातून पिढ्यान्‌पिढ्या फिरत होती. शास्त्राला मात्र तिचा पत्ता १९१२ मध्ये लागला. त्या वर्षी पीटर औवेन्स या डच प्राणिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

ओरा आणि आपल्याकडची घोरपड एकाच ‘व्हारानस’ प्रजातीतल्या, म्हणजे सख्ख्या नाही तरी चुलत. दंतकथेतली यशवंती घोरपड कमरेला दोर बांधून सिंहगडाचा कडा चढली. तीन मीटर लांब, सत्तरेक किलोच्या ओराला कडा सोडाच, साधे झाडही चढवत नाही.

याचे कारण तिच्या जेवणात शोधायला हरकत नाही. हरीण, रानडुक्कर, प्रसंगी म्हैस. आणि एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत! सत्तर किलोच्या पाहुण्याने पंगतीत छप्पन्न किलो रिचवावे, तसे. छप्पन्न भोगाचा इतका शब्दशः अर्थ दुसऱ्या कोणी घेतलेला नाही. शिंगे, केस, दात यांचा गोळा ती नंतर ओकून टाकते आणि तोंड मातीला पुसते. मग कित्येक दिवस पोटाकडे पाहायला नको. वर्षाकाठी डझनभर जेवणांतही तिचे भागू शकते.

तिच्या चाव्याने शिकार मरते, याचा ठपका फार वर्षे तोंडातल्या घाणीवर होता. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी तिच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी दाखवल्या. या विषाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब कोसळतो. दात न घासल्याचा आरोप त्यामुळे बराच सौम्य झाला.

घरची मंडळीही पंगतीतून सुटत नाहीत. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिले काम करते ते झाड गाठण्याचे, कारण खालून जाणारे काका, मामा आणि खुद्द आई त्याला खाऊ शकतात. पहिली काही वर्षे ते वरच राहते. वडीलधाऱ्यांना झाड चढता येत नाही, एवढ्यावर हा वंश टिकून आहे.

नवरा मात्र सक्तीचा नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा या मादीने नराशी कधीच संबंध न येता गर्भ वाढणारी अंडी घातल्याचे जाहीर झाले. अशा अंड्यांतून नरच निपजतात. वरसंशोधनाचा खर्च वाचतो, वर सगळे मुलगेच!

बेटावरच्या गावात एक कथा सांगतात. नागकन्येला जुळे झाले : एक माणसाचा मुलगा, दुसरी ओरा. म्हणून गावकरी ओराला बहीण मानतात. गावातली घरे मात्र खांबांवर, जमिनीपासून चांगली उंच बांधलेली असतात.