आधी टेबल

न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात हे काका असतात. साठीच्या आसपासचे, डोक्यावर कुठल्याशा बँकेने फुकट दिलेली टोपी, आणि गाडीच्या डिकीत बारा महिने मुक्कामाला असलेल्या तीन वस्तू: घडीच्या खुर्च्या, कोळशाची पिशवी आणि एक विटलेली सोलापुरी चादर. मे महिना सरत आला की यांचा व्हॉट्सॲपवर हुकूम सुटतो. "शनिवारी बेअर माउंटन. साडेसहा म्हणजे साडेसहा."

कुणीतरी नवीन लग्न झालेला भाबडेपणाने लिहितो, "काका, नऊला निघालो तर? डोंगर काही पळून जात नाही."

"डोंगर नाही पळत. टेबल पळतं."

आणि वैताग असा, की माणूस बरोबर असतो. हडसन नदीच्या काठचं हे स्टेट पार्क न्यू यॉर्कपासून तास-सव्वा तासावर. उन्हाळ्यातल्या शनिवारी अर्धं शहर तिथे लोटतं आणि पार्किंग भरलं की उशिरा आलेल्यांना गाडी वळवावी लागते. तळ्याजवळच्या झाडीतली टेबलं तर जो आधी येईल त्याची. काकूंनी रात्रीच पोह्यांचा कांदा चिरून ठेवलेला असतो. त्याही तक्रार करतात, पण नवऱ्यासमोर नाही. आमच्याकडे, हळू आवाजात आणि बऱ्यापैकी कौतुकाने.

पॅलिसेड्स पार्कवेला लागलं की काकांचं निरूपण सुरू होतं. "या जागी काय होणार होतं, माहितीये? तुरुंग!" हे दरवर्षी ऐकूनही मागच्या सीटवरून "काय सांगता!" यावं लागतं, नाहीतर गोष्ट पहिल्यापासून येते. सिंग सिंगचा तुरुंग इथे हलवायचा सरकारने घाट घातला होता, कामही सुरू झालं होतं. मग मेरी हॅरिमन नावाच्या बाईंनी 1910 साली दहा हजार एकर जमीन आणि वर दहा लाख डॉलर देऊ केले, तुरुंगाचा बेत सोडाल तर. "बाई होती म्हणून आपण भरीत खातोय," हा समारोप.

दुसरी गोष्ट अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली. इंग्रजांच्या बोटी वर येऊ नयेत म्हणून इथे हडसन नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकली होती. 1777 च्या ऑक्टोबरात इंग्रज बोटींचा नाद सोडून डोंगरातून चालत आले आणि त्यांनी काठावरचे अमेरिकनांचे किल्ले पाठीमागून जिंकले. काकांनी यातून जो धडा घेतला तो कुठल्याही इतिहासकाराला सुचला नसेल: टेबलाच्या दोन्ही अंगांना माणूस बसवायचा.

बसवतातही. गाडी थांबते न थांबते तोच चादर काखोटीला मारून काका झाडीकडे सुटतात. या वयात, त्या गुडघ्यांनी. मागून आम्ही कूलर, पातेली आणि पोरं घेऊन पोचतो तेव्हा दोन टेबलं जोडून झालेली असतात, चादरीच्या तीन कोपऱ्यांवर दगड आणि चौथ्यावर स्वतः काका. सावली दुपारी कुठे सरकेल याचा अंदाजही घेऊन झालेला असतो. मग विस्तव. यात कुणी हात घातलेला चालत नाही. "निखाऱ्यावर राख धरू दे. घाई करू नका." वांगी, त्यानंतर कणसं. इथलं कणीस गोड आणि पाणचट, त्याला आपल्या पावसाळी कणसाची चव नाही, हे ते दर कणसामागे एकदा म्हणतात आणि तीन खातात.

एका वर्षी शेजारच्या टेबलावर क्वीन्सहून आलेलं मेक्सिकन कुटुंब होतं. त्यांचा स्पीकर मोठा, आमचा सीमावाद जुना. काका दोनदा उठून चादर सरळ करून आले. मग त्यांच्याकडच्या आजीबाईंनी एक भाजलेलं कणीस पाठवलं. वर लिंबू, लाल तिखट आणि किसलेलं चीज. काकांनी चाखलं, थोडा वेळ विचार केला. "चीज कशाला ते कळत नाही. पण बाईला तिखट कळतं." परतीची भेट म्हणून थालीपीठं गेली. संध्याकाळपर्यंत दोन्ही टेबलांची कोळशाची पिशवी एकच होती.

कुणाचे तरी आईवडील दर उन्हाळ्यात पुण्याहून आलेले असतातच. त्यातले आजोबा माथ्याकडे बघून विचारतात, "उंची किती?" काका सांगतात, तेराशे फुटांच्या जरा आत. "म्हणजे चारशे मीटरसुद्धा नाही. आमचा सिंहगड याच्या तिपटीहून उंच." काका वाद घालत नाहीत. त्यांच्याकडे यावर अपलॅशियन ट्रेलचा उतारा आहे: जॉर्जियापासून मेनपर्यंतची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट, आणि तिचा पहिला तुकडा 1923 मध्ये खुला झाला तो इथेच. आजोबा गप्प होतात. भरितावर दुसऱ्यांदा दही घेतात.

ती वाट पार्कातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयातून जाते, आणि अस्वलांच्या पिंजऱ्यापाशी तिचा सगळ्यात सखल बिंदू आहे. काका पोरांना अस्वल दाखवायला तिथवर जातात. "मी अपलॅशियन ट्रेल चाललोय," असं ते लोकांना सांगतात ते या बळावर. एकदा मेनपासून खरोखर चालत आलेला एक दाढीवाला मुलगा काकांना भेटला. त्याला त्यांनी धरून टेबलाशी आणला, आई काय करते, लग्न झालं का, नोकरी सोडलीस का, सगळं विचारलं आणि सहा थालीपीठं खाऊ घातली. निघताना मुलगा म्हणाला, वर चला माझ्याबरोबर. काका म्हणाले, "आलो असतो रे. पण टेबल..."

कारण माथा त्यांनी पाहिलेलाच नव्हता. आम्ही सगळे वर जायचो. स्वयंसेवकांनी बसवलेल्या हजाराच्या वर दगडी पायऱ्या चढून यायचो आणि फोनवरचे फोटो दाखवायचो. ते मान डोलवायचे आणि निखारा हलवायचे. "पुढच्या वेळी नक्की."

शेवटी मागच्या उन्हाळ्यात काकूच उठल्या. "अहो, टेबलाला मुलं बसतील. चला." गुडघ्यांमुळे गाडीने, पर्किन्स ड्राइव्हवरून. काकांनी चादर तेवढी खांद्यावर ठेवली, का ते विचारू नका. माथ्यावर दगडी मनोरा आहे. हवा स्वच्छ होती, त्यामुळे दक्षिणेला क्षितिजावर मॅनहॅटनच्या इमारती बारीक काड्यांसारख्या दिसत होत्या. खाली नदी, पूल, हिरव्या डोंगरांच्या रांगा. काकू कठड्याला हात टेकून बघत राहिल्या. आम्ही काकांकडे पाहिलं, आता काय म्हणतात म्हणून.

काकांची मनोऱ्याकडे पाठ होती. ते झाडाखाली बघत होते.

"इथे टेबलं आहेत?" आवाज चढला होता. "सावलीत? रिकामी? आणि इतकी वर्षं वर येताय, कुणाला सांगावंसं वाटलं नाही?" तोवर चादर खांद्यावरून उतरली होती. "अगं, खाली फोन लाव. म्हणावं सामान उचला. आणि तू त्या टोकाला बस, मी इकडे बसतो."