माझ्या बैलाला खांदा नव्हता

दहावीचं बीजगणित 33 वर्षं शिकवलं की माणसाला एक रोग जडतो. आपण कुणालाही, काहीही शिकवू शकतो असं त्याला वाटायला लागतं. निवृत्तीनंतर हा रोग बळावतो, कारण वर्ग सुटलेला असतो आणि घरातली माणसं तासाची घंटा व्हायच्या आधीच उठून जातात.

माझी सून आमच्या उमापुरातच अंगणवाडी सेविका आहे. तिच्या कामाबद्दल मला आदर होता, पण तो आपण पापड लाटणाऱ्या बाईबद्दल बाळगतो तसला होता. म्हणजे काम चांगलंच, पण आपण मनावर घेतलं तर आपल्यालाही जमेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला गेवराईला बैठकीला जायचं होतं. अंगणवाडीत मदतनीस मावशी होत्या, पण स्वयंपाक त्यांनीच करायचा आणि बावीस पोरंही त्यांनीच बघायची, म्हणजे जरा ओढाताणच. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, “मी बसतो की मावशींच्या सोबतीला. तीन ते सहा वर्षांची पोरं ती. अर्ध्या तासात चिडीचूप करतो.”

सुनेचा हात भाकरीवर थांबला. “मामा, त्यांना चिडीचूप करायचं नसतं.”

तिला अजून अनुभव कमी आहे, असं मी मनात म्हटलं.

अंगणवाडीची मला माहिती नव्हती असं नाही. त्याच्या आदल्या 15 ऑगस्टला मी तिथं भाषण ठोकलं होतं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या. पाड्यांवरची पोरं बालवाडीकडे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पोरांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. हे सगळं मी वीस मिनिटांत सांगितलं. पुढच्या रांगेतली तीन पोरं माझ्या देखत झोपली. विषयाची गोडी लागली की माणूस शांत होतो, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

तर त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी विजार आणि खिशाला पेन अशा थाटात मी दहाच्या सुमाराला दारात उभा राहिलो. पहिला प्रश्न बसायचा होता. ताराबाई पोरांच्या अंगणात जाऊन खाली बसल्या, हे सांगायला सोपं असतं. माझे गुडघे सतरंजीपर्यंत पोचेचनात. शेवटी मावशींनी पोरांची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. मी तीत बसलो, म्हणजे अडकलो. पुढचा तासभर मी जिथं उठलो तिथं खुर्चीही माझ्याबरोबर उठली. मी काहीही न शिकवता पोरांना शिक्षणात गोडी वाटली, ती तेवढ्यापुरतीच.

“हाताची घडी, तोंडावर बोट!” मी गरजलो.

बावीस बोटं बावीस तोंडांवर गेली. 33 वर्षांचा अनुभव काही वाया जात नाही, असं मला वाटतंय तोवर दोन वेण्यांच्या एका मुलीनं बोट काढलं आणि विचारलं, “मंग बोलायचं कशानं?”

ते बोटासकट बोलायला लागले, तेव्हा मी तो विषय सोडला.

भिंतीवर हवामानाचा तक्ता होता. ऊन, ढग, पाऊस अशी चित्रं आणि मधे फिरवायचा पुठ्ठ्याचा काटा. रोज एकानं बाहेर जाऊन आभाळ बघायचं आणि काटा फिरवायचा, असा तिथला रिवाज. मी एका पोराला पाठवलं. त्याने दारात उभं राहून कपाळाला हात लावला, आमच्या शेजारचे म्हातारे लावतात तस्सा, आणि सांगितलं, “भरून आलंय. पण पडत नसतंय.”

“मग काटा कुठं लावू? ढगावर की पावसावर?”

“मधी लावा,” तो म्हणाला. “आमचा बा म्हणतो, कापसाला पायजे पण सोयाबीनला नगं.”

तक्त्यावर अशी सोय नव्हती. काटा मी ढग आणि पावसाच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर लावला. बी.एस्सी.ला भूगोल नव्हता, हे त्या दिवशी मला प्रथमच जाणवलं.

मग मी माझ्या हक्काच्या विषयावर आलो. अंक. फळ्यावर भला मोठा एक काढला आणि म्हणालो, “एक म्हणजे किती? आपल्या घरातली कुठलीही वस्तू सांगा, जी एक आहे.” कुणी चूल सांगितली, कुणी शेळी. अंगात मोठ्या भावाचा सदरा घातलेला, कोपऱ्यात बसलेला एक पोरगा गप्पच होता. त्याला बोलतं करावं म्हणून समोर जे सुचलं ते विचारलं, “तुमच्या घरी कोयता असेल ना? एक कोयता म्हणजे किती?”

“दोन,” तो म्हणाला.

पोरं हसतील म्हणून मी वाट पाहिली. कुणी हसलं नाही.

“अरे, एक कोयता म्हणजे एकच. नीट विचार कर.”

“एक कोयता म्हंजी दोन,” तो ठाम होता. “आय आन् बा.”

“आन् माझी आत्या अर्धा कोयता हाय,” दोन वेण्यांनी भर घातली. “मामा वारला ना.”

स्वयंपाकघराच्या दारातून मावशींनी पदर तोंडाला लावला. मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभा होतो. (खुर्ची मागे लटकत होतीच.) बीड जिल्ह्यात जन्माला आलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटं माणूस गेलं तर तो अर्धा कोयता. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातले कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे मी वर्तमानपत्रात वाचत आलो होतो. पण गणिताच्या तासाला मी कोयत्याला वर्गाबाहेर उभं केलेलं होतं. चार वर्षांच्या पोरानं तो आत आणला आणि माझा एक दोन झाला.

फळ्यावरचा एक मी पुसला. पुढचा अंक काढायचं धाडस झालं नाही.

मावशींनी माझी दया येऊन काळ्या मातीची पाटी पुढे ठेवली. पोळ्याचे बैल करायचे होते. माती सुनेनं आदल्या दिवशीच चाळून ठेवलेली. “पाणी बेतानं घाला हं सर,” असं मावशी म्हणाल्या. पण बेत हा शब्द गणितात नसतो, प्रमाण असतं. मी दोनास एक या प्रमाणात पाणी ओतलं. त्या प्रमाणात बैल होत नाहीत, भातलावणी होते. पोरांनी मात्र ओरडून स्वागत केलं आणि सगळ्यांनी कोपरापर्यंत हात घातले. पहिला पंजा माझ्या विजारीवर उमटला, दुसरा सदऱ्यावर. तिसरा कुठं उमटला ते घरी गेल्यावर आरशात दिसलं.

मावशींनी कोरडी माती आणि चुलीतली राख घालून गोळा सावरला. “आमची आजी चुलीच्या मातीत भुसा घालती,” एक जण नाक ओढत म्हणाला, “न्हाईतर तडकती.” काळी माती वाळताना आकसते म्हणून तडे जातात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्याला ते आजीच्या शिव्यांतून माहीत होतं. भुसा आला.

मग मीही एक बैल करायला घेतला. पोरांना नमुना पाहिजे ना! चार दंडगोल पाय, एक लंबगोल धड, दोन शंकू शिंगं. भूमितीच्या दृष्टीनं त्यात काही खोट काढायला जागा नव्हती. बैल उभा केला तेव्हा आधी पुढचे पाय वाकले, मग मागचे, आणि तो पोटावर बसला. शिंगं कानांच्या जागी घसरली. पोरं भोवती जमली.

“डुक्कर हाय,” एक जण.

“कामून? म्हस हाय, बसलीया.”

“आबानी घूस केली,” तिसऱ्यानं निकाल दिला.

मी हात वर करून मतदान घेतलं, लोकशाही शिकवावी म्हणून. म्हशीला नऊ, डुकराला सात, घुशीला पाच. बैलाला एक, तेही माझंच.

त्यांचे बैल बघितले आणि मी गप्प झालो. वशिंड नेमकं पाठीच्या पुढच्या टोकाला. मानेखालची पोळी लोंबती. एकानं काडीनं नाकात भोक पाडून त्यातून दोरा ओवला. “वेसण नसल्यावर धरायचा कसा?” दोन वेण्यांनी लाल कागदाचे गोंडे चिकटवले. कोणी बेगडाचं बाशिंग बांधलं. शेवटी मावशींनी वाटीत हळद कालवलेलं तेल आणलं, कारण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. जुवाखाली वर्षभर घासलेला खांदा तेल-हळदीनं मळायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बोटभर उंचीच्या त्या बैलांचे खांदे पोरांनी करंगळीनं मळले, अगदी हलक्या हातानं, आणि कानात वाकून आवतनं दिली. माझ्या बैलापाशी आल्यावर वाटी धरलेली मुलगी थांबली. तिनं बैल इकडून बघितला, तिकडून बघितला.

“आबा, ह्याला खांदाच न्हाई.”

खांदा मी करायचाच विसरलो होतो. ज्या अवयवानं बैल वर्षभर काम करतो, तेवढा सोडून बाकी सगळा बैल मी केला होता.

कोपऱ्यातला तो मोठ्या सदऱ्याचा पोरगा अजून खाली मान घालून काही तरी करत होता. मी रांगत गेलो. खुर्ची तोवर मावशींनी ओढून काढली होती. त्याने दोन बैल केले होते, त्यांच्या मागं गाडी, आणि गाडीला दोन जाड, गोल चाकं. लोखंडी धावेची नाहीत, टायरची. टायरवर काडीनं नक्षी कोरलेली. ऊसवाहतुकीच्या टायरगाडीवर असते तशी.

“कुठं निघाली गाडी?”

“कारखान्याला.”

“कधी?”

“दसऱ्याला.”

“आणि परत?”

“पट्टा पडल्यावर.” ऊस संपून कारखान्याचा पट्टा पडला की माणसं गावाकडे फिरतात. म्हणजे पाच-सहा महिन्यांनी.

मी भिंतीवरच्या हजेरीकडे पाहिलं. शाळेत जाणारी थोरली भावंडं आजीपाशी राहतात, नाही तर हंगामी वसतिगृहात. चार वर्षांचं पोर मात्र आईबरोबर फडात जातं. आमच्या अंगणवाडीत तीनच ऋतू असतात, हे सुनेनं मला कधीतरी सांगितलं होतं. भरलेली, निम्मी आणि परत भरत आलेली. तेव्हा मी ऐकत नव्हतो, वर्तमानपत्र वाचत होतो. कदाचित ऊसतोडीवरचाच लेख असेल.

खिचडी झाली, पोरं जेवली, मी जेवलो. माझ्या ताटलीत कुणीतरी मातीचं शिंग सोडलं होतं. मी ते बाजूला ठेवलं. माझ्या बैलापेक्षा ते चांगलं होतं.

दुपारी सून आली. मला नखशिखांत बघितलं आणि शहाण्या सुनेसारखं काही बोलली नाही. “झाली का चिडीचूप?” एवढंच मावशींना विचारलं. “झाले की,” मावशी म्हणाल्या, “सर झाले.”

दुसऱ्या दिवशी पोळ्याला दार वाजलं. तो सदरेवाला पोरगा, हातात पुरणपोळीचा तुकडा. “तुमचा बैल कुठंय?” मी फळीवरून काढून दिला. रात्रीतून एक पाय पडला होता. त्याने तुकडा त्याच्या तोंडाशी टेकवला. “म्हस असंना का,” म्हणाला, “सणाच्या दिशी उपाशी कामून ठिवायचं?”

दसऱ्यानंतर एका पहाटे टायरगाड्या निघाल्या. निघताना तो पळत आला आणि आपली मातीची गाडी माझ्या हातात दिली. “हालल्यावर मोडती. सांभाळा. दोन बैल, दोन चाकं, एक गाडी. आल्यावर मोजीन.” मी मोजून घेतलं. एकदा चुकलो, परत मोजलं.

गाडी मी खिडकीत ठेवली. तिथं उन्हाची तिरीप येते, हे लक्षात आलं नाही. महिन्याभरात एक चाक तडकून खाली पडलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी अंगणवाडीत जातो, सतरंजीवर बसतो (गुडघे आता पोचतात) आणि चाक करायला बसतो. 33 वर्षं मी वर्तुळाचा परिघ शिकवला. त्रिज्येची दुप्पट, गुणिले पाय, सगळं तोंडपाठ. कंपासनं काढलेलं वर्तुळ माझं कधी चुकलं नाही. मातीचं चाक मात्र एकदा भाकरीसारखं होतं, एकदा चौकोनी. मागच्या आठवड्यातलं दोन वेण्यांनी बोटावर फिरवून बघितलं आणि म्हणाली, “बरं झालंय. पर गाडी आता थांबलेलीच बरी.”

पट्टा पडायला अजून महिनाभर आहे. तोवर चाक गोल व्हायला पाहिजे. तो आल्यावर मोजणार आहे.