भाईंदरहून उष्णतेची तजवीज

ज्या गावाच्या एका अंगास मिठागरे पसरलेली आहेत व दुसऱ्या अंगास उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींना टांगलेले बोंबील वाळत असतात, म्हणजे ज्याचे दोन जुने धंदे सूर्यनारायणाच्या बिनपगारी चाकरीवरच चालत आले, जे १९८५ साली नगरपरिषदेस व २००२ साली महानगरपालिकेस पोहोचले तरी ज्याच्या एकाही घरात शेगडीखेरीज ऊब विकत आणण्याची पाळी कोणावर आली नाही, त्या मीरा-भाईंदरच्या रहिवाशास घर गरम कसे ठेवावे याविषयी सल्ला विचारणे हा शुद्ध पितृभक्तीचाच प्रकार म्हटला पाहिजे. आमच्या चिरंजीवांनी इंग्लंडातील लीड्स शहरी एक जुने घर घेतले, त्यातील गंजलेले रेडिएटर काढून दुपदरी बसवावयाचे ठरविले, आणि फोनवरून विचारले, "बाबा, तुम्हांला काय वाटतं?"

मला तत्काळ पुष्कळच वाटू लागले. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर विषय निघताच प्रत्येक सभासदास काही ना काही वाटू लागले. तळमजल्यावरच्या आजोबांनी २२ जानेवारी १९६२ चा दाखला काढला. त्या दिवशी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, आणि त्या थंडीत आपण सदऱ्यावर लोकल पकडली होती, असे त्यांचे म्हणणे. चिरंजीवांना हे कळविले तेव्हा ते म्हणाले की, जानेवारीत इकडे इतका पारा असला तर लोक हवा बरी आहे म्हणतात.

तपशील मात्र मनोवेधक निघाला. या रेडिएटरांना आकड्यांची नावे असतात: ११ म्हणजे पोलादाचा एक पोकळ पत्रा व त्याच्या पाठीस नालीदार पंखांची एक रांग, २१ म्हणजे दोन पत्रे व एक रांग, २२ म्हणजे दोन पत्रे व दोन रांगा. पत्र्यांतून कढत पाणी फिरते, मधल्या पोकळीत तापलेली हवा वर चढते, खालून गार हवा आत शिरते, आणि खोली तापते ती मुख्यत्वे या हवेच्या येरझाऱ्यांनी. साठ सेंटिमीटर उंच व एक मीटर लांब असा २२ क्रमांकाचा रेडिएटर सुमारे १७०० वॅट, म्हणजे ताशी ५८०० बीटीयू देतो. पण पाणी ७५ अंशांवर आत येऊन ६५ अंशांवर बाहेर जात असेल व खोली २० अंशांवर असेल तर. पुढेमागे बॉयलर काढून हीट पंप लावला आणि पाणी कोमट झाले की हीच प्राप्ती निम्म्यावर येऊ शकते, म्हणून चिरंजीव आजच मोठे माप घेण्याच्या विचारात होते. बीटीयू हा शब्द ऐकून मी आमच्या दीड टनी एसीचा कागद काढला. त्यावर ताशी १८,००० असा आकडा! म्हणजे लीड्समध्ये तीन दुपदरी रेडिएटर जेवढी उष्णता पैसे मोजून आत आणतात, तेवढी मी एकाच शयनगृहातून, पैसे मोजूनच, शेजाऱ्यांच्या खिडकीवर फेकीत होतो. ही उष्णता तिकडे पाठविण्याची काही सोय आहे काय, असे सेक्रेटरींनी गंभीरपणे विचारले.

सौभाग्यवतींना प्रश्न पडला तो कुरडयांचा. रेडिएटरवर त्या वाळतील काय? सूनबाई म्हणाल्या, "आई, इथं लोक मोजेसुद्धा वाळवतात, पण वर काही पसरलं की हवा अडते." रेडिएटर बसविण्याची जागा खिडकीखाली, कारण काचेवरून उतरणारा गारठा तेथेच अडवावा लागतो, सोफा पुढे ओढावयाचा नाही. जुन्या भिंतीत पकडी घट्ट बसविणे हेच खरे काम, कारण पाण्यासकट हे धूड चाळीस किलोंच्या घरात जाते.

बसवून झाले, आणि माजघर भट्टीसारखे तापले असता माडीवरची टोकाची खोली थंडच राहिली. आत अडकलेली हवा किल्लीने सोडून पाहिली, उपयोग शून्य. येथे आमच्या सल्लागार मंडळाची मती कुंठित झाली. तेव्हा पंपाची चावी घेऊन उभे असलेले आमचे पंपवाले मामा, ज्यांचे सारे आयुष्य तळमजल्याचे नळ आवळून सातव्या मजल्यावर धार पोहोचविण्यात गेले आहे, ते फोनच्या पडद्यात डोकावून म्हणाले, "बाळा, जवळच्याचा वॉल्व्ह दाब थोडा. पाणी सोप्या वाटंनं पळतंय. लांबच्याला पुरं सोड." तिकडे प्रत्येक रेडिएटरच्या एका पायाशी टोपीखाली झाकलेली एक चावी असते, ती नेमकी याच कामाची. चिरंजीवांनी जवळच्या चाव्या पाव-पाव फेरा आवळल्या, आणि तासाभरात टोकाची खोली तापली.

मामांना मात्र समाधान नव्हते. पाणी सकाळी येते की संध्याकाळी, असे त्यांनी विचारले. तेच पाणी वर्षानुवर्षे बंद नळांतून फिरते, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. "मग टाकी कधी धुता?" चिरंजीव गप्प झाले. जुन्या लोखंडाचा काळा गाळ नळांतून धुऊन काढून गंजरोधक द्रव घालण्याची बाब प्लंबरच्या अंदाजपत्रकात होती, ती त्यांनी अनावश्यक खर्च म्हणून खोडली होती. सदरहू बाब आता पुन्हा मंजुरीस घेतली असून, धुलाईचा खर्च मासिक वर्गणीत धरावा की वेगळी पावती फाडावी, यावर आमच्या सेक्रेटरींचे मत मागविले आहे.